चार बोटं जास्त

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मास्तरने कापण्याच्या टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि तिच्याखाली फोटो निघाला. फोटोतली मुलगी विशीची होती. तिच्या अंगातला आखूड कोट बरोबर कमरेवर संपत होता. गळा उघडा, बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'असाच. काही बदलू नकोस.'

कोट आदल्या दिवशी संध्याकाळी घडी करून, कागदात बांधून दिला होता. तो असा नव्हता. कमरेखाली चार बोटं लांब, गळा दीड बोट वर, बाह्या थेट मनगटापर्यंत. हे मास्तरला आत्ता कळत होतं, फोटो हातात धरून उभं असताना. शिवताना कळलं नव्हतं.

"वन्सं," ती म्हणाली, "चष्मेवालीचा कोट खालून तुम्हीच दुमडलात ना?"

नणंद खिडकीशी काजं करत बसली होती. तिने दोरा दाताने तोडला.

"मीच. तू खडूने रेघ मारलीस तिथे दुमडला. का गं?"

"फोटो बघितला होता तुम्ही?"

"मला कोण फोटो दाखवतंय? मी काजंवाली. सांगितलंस तिथे भोक पाडायचं आणि गप्प बसायचं."

मास्तरने घड्याळ पाहिलं. बारा वाजता चष्मेवालीला तो कोट घालून चष्म्याच्या दुकानात उभं राहायचं होतं.

मास्तर बाई होती, त्रेसष्ट वर्षांची. पण कापड स्वतः कापायची, म्हणून सगळा भाग तिला मास्तर म्हणायचा. सदतीस वर्षांत तिच्या हातून बिघडलेलं कापड परत आलं नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकांना ती घालून बघायला बोलावत नसे. माप घेतलं, दिवस सांगितला, त्या दिवशी कपडा तयार. न्यायचा आणि घालायचा. दुकानाला पाटी नव्हती. तिची गरजच पडली नव्हती.

प्रत्येक बाईच्या मापाचं एक कार्ड पत्र्याच्या डब्यात असे. बाईने पन्नाशी ओलांडली की मास्तर त्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने एक बारीक खूण करायची. खूण झाली की कपडा वाढायचा. लांबी चार बोटं, गळा दीड बोट वर, अंगात दोन बोटं सैल. हे तिला सासूने शिकवलं होतं. बाई काय मागते ते ऐकून घ्यायचं, हो म्हणायचं, आणि शोभेल तेवढंच द्यायचं. लोक हसले तर ते कपड्याला हसत नाहीत, बाईला हसतात, असं सासू म्हणायची. गिऱ्हाइकांना मास्तरने यातलं काही सांगितलं नाही. तक्रारही कधी आली नाही. पहिली खूण तिने स्वतःच्या कार्डावर केली होती, पन्नाशीला एक वर्ष बाकी असताना. त्या आठवड्यात नवरा तिच्या नव्या पट्ट्यांच्या शर्टाकडे बघून एवढंच म्हणाला होता, "हे कुणासाठी?"

आता खूण बघावीही लागत नसे. हात आपोआप चार बोटं पुढे जायचा. याही वेळी तसाच गेला होता.

चष्मेवाली पंधरा दिवसांपूर्वी आली तेव्हा बसलीही नव्हती. चष्म्याच्या दुकानात ती बावीस वर्षं काउंटरवर उभी होती. दुकानाचा मालक बदलला, नवा मॅनेजर आला. त्याने सगळ्यांना पुन्हा एकेकटं भेटायचं ठरवलं. काउंटरवर कोण राहणार आणि मागच्या खोलीत काचांची पाकिटं कोण लावणार, हे तो त्यावरून ठरवणार होता.

"पगार तोच राहणार," ती म्हणाली होती. "काम कमी होणार. खुर्चीसुद्धा मिळणार. आणि मला ती खुर्ची नको आहे."

"अगं, पाय दुखतात म्हणून तूच रडत असतेस."

"पाय दुखू देत. त्या खोलीला खिडकी नाही. एकदा आत गेले की बाहेर कुणी विचारणारही नाही, ती बाई कुठे गेली."

मग तिने जाहिरातीतून कापलेला फोटो टेबलावर ठेवला होता. मास्तरने फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. नणंद खिडकीतून म्हणाली होती, "साठी बुद्धी नाठी."

"एकसष्ट," चष्मेवाली म्हणाली होती. "नाठीलासुद्धा उशीर झाला." आणि पेन्सिल मागून घेतली होती.

मास्तरने कापडी पिशवीत कात्री, टाके सोडवायची उसवणी, दोन सुया, गर्द हिरवा दोरा आणि खडू भरला. चपला पायात सरकवल्या.

"कोट उसवायला चाललीस?" नणंदेने विचारलं. "बाराला दीड तास आहे."

"लांबी कमी करायला अर्धा तास पुरतो."

"वहिनी." नणंद काही तरी बोलणार होती. मग तिने सुईत दोरा ओवायला घेतला. "बरं, जा. रिक्षाने जा."

रिक्षा मिळाली नाही. मास्तर चालत निघाली, औषधांच्या दुकानावरून, पोस्टावरून, मग पुलाखालून. वाटेत तिने मनातल्या मनात काम लावून घेतलं. आधी खालची दुमड, मग बाह्या, गळा शेवटी. गळ्याला वेळ लागणार होता. माफी कुठे मागायची ते तिने ठरवलं नव्हतं. पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली.

अकराला पाच कमी असताना चष्मेवालीने दार उघडलं. तिच्या अंगात तो कोट होता. तो कमरेवर संपत होता.

मास्तर उंबऱ्यातच उभी राहिली.

"आत ये ना," चष्मेवाली म्हणाली. मग तिला पिशवी दिसली, पिशवीतून बाहेर आलेली कात्रीची मूठ दिसली. "अगं बाई."

"कुणी केलं?"

"पाणी देते आधी."

"कुणी केलं ते सांग."

"पोस्टाच्या मागे बसतो तो. बॅगांच्या चेनी बदलतो बघ."

मास्तर आत आली. तिने चष्मेवालीला खांद्याला धरून उजेडाकडे फिरवलं आणि वाकून खालची कड उलटी करून पाहिली. शिवण सरळ होती. टाके एकसारखे होते. दोरा मात्र एक छटा फिका होता. कापडाचा हिरवा आणि दोऱ्याचा हिरवा सख्खे नव्हते, चुलत होते. उजव्या बाहीलाही तेच.

"काल दिला तो कधी नेलास त्याच्याकडे?"

"तुझ्याकडून निघाले ती सरळ तिकडेच."

"उघडून पाहिलास तरी?"

चष्मेवालीने कोटाची कड मास्तरच्या हातातून हळूच सोडवली. "उघडून काय बघायचं? चार बोटं जास्त असणार, हे मला माहीत होतं."

मास्तर खुर्चीवर बसली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले.

"किती वर्षं?"

"झाली असतील आठ."

"आणि बाकीच्या?"

"सगळ्या नाहीत काही."

"कोण कोण?"

"डॉक्टरीणबाई. पाळणाघरवाली. बँकेतल्या दोघी बहिणी." चष्मेवालीने पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. "त्याला आता सांगावंसुद्धा लागत नाही. पिशवीत तुझा कागद दिसला की तो विचारतो, मास्तरचं का? आणि चार बोटं दुमडतो."

"मग माझ्याकडे येता कशाला? त्यालाच शिवायला सांगा. बॅग शिवतो तसं."

"खांदा जमतो का त्याला? या भागात खांदा तुझ्याशिवाय कुणाला बसत नाही. तुझ्या हातचं घातलं की पाठ सरळ होते माझी, खोटं नाही सांगत."

"तोंड होतं ना तुला? सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं की गं या वेळी."

मास्तरने पाणी घेतलं, अर्धं प्यायली.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "लोकांनी हसू नये."

"कोण हसतंय? हसायला आधी बघावं लागतं." चष्मेवाली आरशासमोर गेली. "दुकानात बाई येते, माझ्याच वयाची. मी समोर उभी असते. ती माझ्या डोक्यावरून पलीकडच्या पोरीला हाक मारते. का, तर त्या पोरीला आजचं कळत असणार. मला फॅशनचं एवढं काही नाही गं. उद्या लांब कोट आले तर मी लांब घालीन. पण अंगावर कालचं असलं की माणसं मला कालची धरतात. मॅनेजरही धरणार. तो माझ्या मुलाहून लहान आहे."

मास्तर तिच्याकडे आरशातून बघत होती. बघता बघता तिची नजर गळ्यावर आली. गळा तसाच होता, दीड बोट वर, घशाशी घट्ट. आखूड कोटावर तो आता आणखीच चुकीचा दिसत होता.

"गळा नाही केला त्याने?"

"गळ्याला तो हात लावत नाही. म्हणतो, तिथे मास्तरचं काम आहे, माझ्याने बिघडेल." चष्मेवालीने गळ्याच्या पट्टीत बोट घालून ती ओढून पाहिली. "असू दे. बाकीच्यांचेही गळे तसेच राहतात. सवय झालीय."

मास्तर उठली.

"काढ."

"अगं, वेळ किती झालाय बघ. अकरा दहा."

"पंधरा मिनिटं चालायला. माझ्याकडे अर्धा तास आहे. काढ, आणि इस्त्री तापायला ठेव."

ती खिडकीशी बसली. उसवणीने पट्टी सोडवली. आपलेच टाके होते, बारीक आणि घट्ट, निघता निघेनात. चष्मेवाली आतल्या बनियनवर इस्त्रीजवळ उभी होती. तिचे खांदे उतरले होते, उजवा डाव्याहून जास्त. कार्डावर हे लिहिलेलं होतं, आणि मास्तर दर वेळी उजव्या खांद्यात एक पातळ घडी जास्त घालायची. ही घडी मात्र कुणी बाहेर नेऊन काढली नव्हती.

तिने कात्री घेतली. कापड पुरेसं होतं, कात्रीची गरज नव्हती. आत दुमडता आलं असतं. तिने दीड बोट कापलं. कापलेली हिरवी पट्टी मांडीवर पडली. मग कड आत घेऊन, एकही टाका बाहेर दिसू न देता तिने गळा टाचत आणला. एकदा चष्मेवालीने दिवा लावला. एकदा मास्तरने सुई बदलली.

अकरा अडतीसला कोट पुन्हा अंगात गेला. मास्तरने गळ्याची कड दोन बोटांनी बसवली. तिथली कातडी सुरकुतलेली होती आणि उघडी होती.

"कशी दिसते?" चष्मेवालीने विचारलं.

हा प्रश्न मास्तरला सदतीस वर्षं विचारला जात होता, आणि त्यावर तिचं एकच उत्तर ठरलेलं होतं, शोभतं. या वेळी तिने एक पाऊल मागे घेतलं.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "आरसा बघ."

चष्मेवालीने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पर्स घेतली.

"तुला एक विचारू?" जिन्यात मास्तर म्हणाली. "त्या चेनवाल्याचं नाव तुला कुणी सांगितलं?"

चष्मेवाली कठडा धरून दोन पायऱ्या उतरली.

"जाऊ दे ना."

"सांग."

"तुझ्या नणंदेने. रागावू नकोस तिच्यावर. मी पहिल्यांदा रडकुंडीला आले होते, तू नव्हतीस दुकानात."

पोस्टापाशी दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. चष्मेवाली भरभर चालत गेली. मास्तरने पोस्टाच्या मागे वळून पाहिलं. चेनवाला खाली मान घालून एका बॅगेचं तोंड शिवत होता. त्याने वर पाहिलं, ओळखलं, आणि उभा राहिला. मास्तरने मान हलवली आणि पुढे निघाली.

दुकानात नणंद तिथेच बसली होती. काजांचा ढीग अर्धा झाला होता.

"पोचलीस वेळेत?"

"पोचले."

मास्तर तिच्याजवळ गेली आणि तिच्या झग्याची बाही उलटी करून पाहिली. मनगटाच्या वर कड दुमडलेली होती. दोरा एक छटा फिका होता.

नणंदेने हात मागे घेतला नाही.

"ओरड की," ती म्हणाली.

"तुम्ही रोज माझ्यासमोर बसता, वन्सं."

"बसते. आणि बाही वर गेलेली तुला कधी दिसली नाही. तुझं लक्ष कार्डात." नणंदेने सुई कापडात खोवली. "आईने तुला शिकवलं ते मी तिच्या पोटी जन्मून भोगलंय, बाई. तिने मला तिशीतच वाढवून शिवायला सुरुवात केली होती. तिला कोण सांगणार होतं? तुला कोण सांगणार?"

मास्तर टेबलाशी गेली. कापायला एक झगा मांडला होता. तिने तो तसाच राहू दिला आणि दुपारभर आधी कापलेले कपडे शिवले.

चारच्या सुमाराला पाळणाघरवाली कापड घेऊन आली. छप्पन्न वर्षांची. नेहमीप्रमाणे कापड टेबलावर ठेवून ती लगेच निघाली होती.

"थांब जरा," मास्तर म्हणाली. "गळा किती ठेवू?"

पाळणाघरवाली वळली. तिने नणंदेकडे पाहिलं. नणंद कापडात बघत होती.

"म्हणजे?"

"तुला कसा हवाय ते सांग. लांबीही सांग."

"असं कधी विचारलं नाहीस गं तू." ती हसली, मग हसायची थांबली. तिने कापडावरून हात फिरवला, त्याचा एक पदर उचलून गळ्याशी धरला, खाली घेतला, पुन्हा वर नेला. "घरी जाऊन बघते," ती म्हणाली. "उद्या सांगितलं तर चालेल ना?"

"चालेल."

ती कापड तिथेच ठेवून गेली. मास्तरने ते डब्याशेजारी ठेवलं, कार्ड काढलं नाही.

सव्वापाचला फोन वाजला. चष्मेवाली होती, मागे वाहनांचा आवाज होता. मॅनेजरने तिला सात मिनिटं बसवून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कोटाबद्दल तो काही बोलला नाही. पलीकडच्या पोरीने विचारलं, कुठून घेतला. काउंटरवर कोण राहणार त्याची यादी चष्म्याचं दुकान बंद व्हायच्या आत लागणार होती.

सात वाजता ते दुकान बंद झालं, तोवर यादी लागलेली नव्हती.