खाटेपुरती माती

वळ गावात गोदामं उभी राहू लागली, तेव्हा बायजाबाईने आपली सगळी जमीन विकून टाकली. धाकट्या जावेने, काशीने, विकली नाही. बायजाबाई तिला चारचौघांत म्हणाली, "तुडव चिखल जन्मभर. तुझ्या नशिबात तेच हाय." तेव्हापासून तीन वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं.

बायजाबाईचा बंगला झाला. लाद्या अशा चकचकीत की बाईमाणसाने वाकून त्यांत बघत कुंकू लावावं. पण तिथं राहायला आल्यापासून तिचे तळपाय पेटायचे आणि डोळ्याला डोळा लागायचा नाही. डॉक्टरांनी साखर तपासली, रक्त तपासलं, काही निघालं नाही. नात क्षितिजा ठाण्याला घरांचे नकाशे काढायला शिकत होती. ती म्हणाली, "आज्जी, मातीला पाय लागले की झोप येते म्हणतात. परदेशात मुद्दाम तशी घरं बांधतात."

"त्यांना आत्ता कळलं व्हय?" बायजाबाई म्हणाली. पण मागची खोली तिने लगेच रिकामी करून दिली.

नकाशा सोपा होता. लादी नाही, काँक्रीट नाही. खोलीची जमीन थेट खालच्या जमिनीला भिडवायची. मजुरांनी लाद्या उचकटून खणायला घेतलं, तर विटांचे तुकडे, प्लास्टर, यंत्रमागाच्या सुताचे गुंते निघाले. सगळा प्लॉट डंपरच्या भरावाचा. माती लागली ती चार फुटांवर.

मुलगा केसरीनाथ याने तो खड्डा भरायला मानकोलीहून मातीची ट्रॉली मागवली. बायजाबाईने मूठभर माती भिजवून तिची वळी केली. वळी मधेच तुटली.

"ही माती न्हाय, कुटलेली खडी हाय. चोपली तरी आठ दिवसांत भेगा पडतील."

दुसरी ट्रॉलीही तिने परत पाठवली. भाताची माती आता एकाच ठिकाणी उरली होती. कुठे, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

"आये, काकीकडं मी जाऊ का?" केसरीनाथने शेवटी विचारलं.

"तोंड फिरवलं मी. तोंड घेऊन जाईन तर मीच."

चैत्र होता. काशी खाचरात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला पालापाचोळा पसरत होती. गाडी बांधाशी थांबली, तरी तिने मान वर केली नाही.

"तुझी माती कशी झालीय, बघायला आले," बायजाबाई म्हणाली.

"बघ नि जा."

बायजाबाई गाडीपर्यंत परत गेली. दार उघडलं. मग चपला काढून तिथंच ठेवल्या आणि ढेकळांवरून अडखळत काशीसमोर येऊन उभी राहिली.

"काशे, माती दे. माझ्याकडं न्हाय."

काशीने हातातला पाला खाली टाकला. "किती?"

"खोलीभर. पाच ट्रॉल्या."

"पाच ट्रॉल्यांत माझं खाचर बसंल गो आक्का! मी काय गोदामात भात लावू? एक देते. त्यात काय व्हईल ते कर."

बायजाबाईच्या ओठांवर शिवी आली. तीन वर्षांपूर्वी ती बाहेर पडली असती. "एक तर एक," ती म्हणाली.

क्षितिजाने नकाशा खोडला. खोलीभर मातीचा बेत गेला. खाटेच्या बाजूला, खाटेएवढ्याच लांबीची, दोन हात रुंदीची पट्टी उरली. तेवढाच खड्डा चार फूट खाली ठेवला, बाकीच्या जागेत भराव परत लोटून वर लादी बसवली. काशी स्वतःचं चोपणं घेऊन आली. केसरीनाथ पाणी शिंपडत होता. दोघी समोरासमोर बसून माती चोपू लागल्या.

"अशी बडवतात काय? लादी नको फोडू."

"आक्का, तुझ्या खळ्याला दरसाल भोकं पडायची. मला कशाला शिकवतेस?"

क्षितिजा हसली. बायजाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, की ती गुपचूप पाणी आणायला गेली.

पट्टी वाळली. त्या दिवसापासून बायजाबाई खाटेवरून उठली की पाय आधी मातीवर टेकी आणि बसून राही. आग पुरती गेली नाही. झोप मात्र पहाटेपर्यंत लागू लागली. क्षितिजाने विचारलं, तर "वयाने लागते" एवढंच म्हणाली.

माती आठ दिवसांनी सारवावी लागते. बंगल्यात शेण कुठलं? गाय वळमध्ये उरली ती काशीचीच. बायजाबाईने घमेलं उचललं, गाडी नको म्हणाली आणि चालत निघाली.

"आलीस?" काशी गोठ्यातून म्हणाली. "घमेलं केवढं आणलंय बघा! गाय एकच हाय माझी."

"तुझी गाय तरी धड शेण टाकते का, ते आधी बघू दे," बायजाबाई म्हणाली आणि पदर खोचून वाकली.