ॲस्बरीची कोंबडी

मित्रांनो, मी एक जुनं सोन्याचं नाणं आहे आणि माझ्या अंगावर कोंबडी आहे. खरं म्हणजे तो गरुड आहे. पण माझा ठसा कोरणारा माणूस पेशाने घड्याळजी होता. त्याने गरुड कधी जवळून पाहिलाच नव्हता, आणि त्याच्या खोपटामागे कोंबड्या मात्र डझनभर होत्या. त्यामुळे माझा गरुड अंडी उबवायला बसल्यासारखा दिसतो. पूर्वी मला याचा फार राग यायचा.

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारावर, १८५० सालच्या वसंतात झाला. नदीकाठी जो तो ताटल्या घेऊन सोन्यासाठी वाळू धूत होता. सोनं उदंड, पण नाणी नाहीत. सरकारी टाकसाळ हजारो मैल दूर. पीठ घ्यायचं तर दुकानदाराला चिमूटभर सोन्याची कणी द्यायची, आणि चिमूट दुकानदाराच्या हाताची. जाड बोटांचे दुकानदार लवकर श्रीमंत झाले. मग लेम्युएल ॲस्बरी नावाच्या गृहस्थाने आपल्या छपरीतच टाकसाळ मांडली. मुशीत सोनं वितळवायचं, त्याची पट्टी लाटायची, चकत्या कापायच्या, आणि एकेक चकती ठशाखाली ठेवून दोघांनी दांडा ओढायचा. मी दहा डॉलरचं नाणं होऊन खाली पडलो तेव्हा ॲस्बरीने मला तळहातावर झेललं आणि म्हणाला, "कोंबडी तर कोंबडी. वजनाला चोख आहे."

खाणकामगारांनी ते नाव उचलून धरलं. "दोन कोंबड्या दे आणि ते फावडं घेऊन जा," असं दुकानात सर्रास चालायचं. चार महिने आमची चैन होती.

मग एका वर्तमानपत्राने छापलं की खासगी टाकसाळींची नाणी वजनाला कमी भरतात. कुणाची, ते छापलं नाही. झालं, दुकानदारांनी सगळ्यांचीच नाणी परत करायला सुरुवात केली. ॲस्बरी हट्टी माणूस. त्याने आपलं प्रत्येक नाणं पूर्ण किमतीला परत घेतलं आणि स्वतःच्या हाताने मुशीत टाकलं. माझी जवळजवळ सगळी भावंडं तिथे गेली. मी वाचलो, कारण मी विलायतेहून आलेल्या जाबेझ ट्रेवेना नावाच्या कॉर्निश खाणकामगाराच्या बुटात होतो आणि तो त्या वेळी वरच्या दरीत होता. तो खाली उतरला तेव्हा छपरी रिकामी होती आणि ॲस्बरी ऑरेगॉनच्या वाटेला लागला होता.

दोन वर्षांनी जाबेझची बायको लव्हडे जहाजाने आली. ग्रास व्हॅलीत त्यांनी घर थाटलं. नाताळच्या आधी जाबेझ मला घेऊन बाजारात गेला आणि तसाच परत आला.

"कुणी घेत नाही गं हिला," तो म्हणाला. "सोमवारी वितळवून आणतो."

लव्हडेने मला उलटंसुलटं करून पाहिलं. "कोंबडी आहे ना? मग वितळवता कशाला, शिजवू या की."

तिच्या गावी नाताळच्या पुडिंगात एक नाणं दडवायची रीत होती. ज्याच्या वाट्याला नाणं येईल त्याचं वर्ष चांगलं जाणार. तिने खायच्या सोड्याने मला खसाखसा घासलं. "पोटात जायचं ते स्वच्छच हवं," असं म्हणत मनुका, चरबी आणि पिठाच्या गोळ्यात मला दाबलं आणि फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात सोडलं. जाबेझच्या घासात मी आलो. त्याने मला पुसलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी वितळवू." दर वर्षी तो हेच म्हणायचा.

मित्रांनो, अशी माझी दीडशे पुडिंगं झाली. टेबलावर पुडिंग आलं की घरातलं सगळ्यांत लहान मूल विचारायचं, "कोंबडी शिजली का?" आणि सगळे एका आवाजात म्हणायचे, "शिजली." मी ज्याला सापडेन त्याच्या उशाखाली नाताळचे बारा दिवस झोपायचो आणि मग चहाच्या डब्यात परत जायचो. हॅनिबल आजोबांचा बसवलेला दात माझ्यावर तुटला. मंदीच्या दिवसांत या घराने शिवणयंत्र विकलं, मला नाही विकलं. इतकं सुख मुशीतून वाचलेल्या किती नाण्यांना मिळालं असेल?

एका वर्षी मी सात वर्षांच्या केरेन्साला सापडलो. "आत्या, ही कोंबडी कुणाची?" तिने विचारलं. तिच्या टॅम्सिन आत्याने ॲस्बरीची सगळी गोष्ट सांगितली. पोरगी ऐकता ऐकता पुडिंग खायचं विसरली.

मोठेपणी ती शाळेची बस चालवू लागली आणि उरलेल्या पैशांत त्या काळातली खासगी टाकसाळींची नाणी जमवू लागली. अशी नाणी फार थोडी उरली आहेत. पंचेचाळीस वर्षांत तिने अकरा मिळवली. एका चपट्या लाकडी पेटीत मखमलीवर त्यांचे बारा कप्पे होते. बाराव्यावर चिठ्ठी होती, 'ॲस्बरी'. तो कप्पा कायम रिकामा. घरातलं नाणं आत्याचं, ते कसं मागायचं, म्हणून ती कधी बोलली नाही. आत्याचं घरही एव्हाना ओस पडलं होतं. माणसं पांगली, पुडिंग बंद झालं, आणि पंधरा वर्षं मी डब्यात तसाच पडून राहिलो. मला फार एकटं वाटायचं.

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी आत्याने फोन केला. "केरे, डब्यातली कोंबडी तुझी. शनिवारी तुमच्या त्या नाणेवाल्यांच्या बैठकीत मीच घेऊन येते."

शुक्रवारी तिने मला बाहेर काढलं. पंधरा वर्षांत माझ्यावर लालसर मंदपणा आला होता. संग्राहक ज्यावर जीव टाकतात तो हाच. आत्याला तो मळ वाटला. तिने सोडा घेतला, पण संधिवाताने बोटांत जोर राहिला नव्हता. म्हणून तिने भांड्यांची तारेची घासणी घेतली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. ती मात्र गुणगुणत घासत होती.

शनिवारी बैठकीला, अग्निशामक केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये, आत्या ठेवणीतला कोट घालून आली आणि तिने रुमाल उलगडला. मी लखलखत होतो. केरेन्साचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मंडळाचे म्हातारे जाणकार ऑर्व्हिल हॅस्किन्स यांनी मला कडांनी उचलून भिंगाखाली धरलं.

"घासलं कुणी हे?"

"मी," आत्या म्हणाली. "छान निघालंय ना?"

"बाई, अशी तीनच नाणी जगात माहीत आहेत. हे चौथं. याला हात लावला नसता तर संग्रहालयवाले तुमच्या दारात रांग लावून उभे राहिले असते. आता नुसते ओरखडे आहेत."

आत्याने रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मी खराब केलं का गं, केरे?"

केरेन्साने मला उचललं आणि जिना उतरून गाडीत जाऊन बसली. तिला खूप राग आला होता. आयुष्यभर जपलेली इच्छा अशी हातात आली होती. थोड्या वेळाने आत्या हळूहळू उतरून शेजारी बसली.

"सांगायचं होतंस ना, घासू नको म्हणून."

"मी मागितलंच कधी नाही, तर सांगणार कधी?" केरेन्सा म्हणाली. "इतकी वर्षं ते कसं जपलं गेलं असेल, हाच विचार करायचे मी."

"जपलं म्हणजे? दर नाताळला घासलंय. मी, त्याआधी माझ्या आईने, तिच्याआधी आजीने. लव्हडेपासून सगळ्यांनी. पुडिंगात काय तसंच घालणार?"

केरेन्सा तिच्याकडे बघतच राहिली. तिच्या मनातलं कोरं करकरीत नाणं कधी नव्हतंच. "मग मी पंचेचाळीस वर्षं वाट कशाची बघत होते?"

"कोंबडीची," आत्या म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

केरेन्साने मुठीत मला घट्ट धरलं. नाण्याला कडेनेच धरायचं, असं ती शाळेत नाणी दाखवायला गेली की मुलांना बजावायची. "या नाताळला पुडिंग कर, आत्या," ती म्हणाली.

नाताळच्या आदल्या दिवशी आत्याच्या स्वयंपाकघरात सगळं मांडलेलं होतं. आत्या मात्र हात मागे बांधून खुर्चीत बसली. "तू घाल तशीच. मी आता हिला हात लावायची नाही."

"वा," केरेन्सा म्हणाली. "पोटात जायचं ते स्वच्छच हवं." तिने आत्याची वाकडी बोटं सोड्यात बुडवली, मला त्यांत दिलं, वरून स्वतःची बोटं ठेवली आणि दोघींनी मिळून मला घासलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर दोघीच होत्या. केरेन्सा वयाने लहान, म्हणून तिनेच विचारलं, "कोंबडी शिजली का?"

आत्या त्यानंतर तीन नाताळ जगली.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरात जुनं नाणं सापडलं तर त्याला घासू नका. कडेने धरा, मऊ कापडात ठेवा. त्याच्या अंगावरचा मंदपणा म्हणजे त्याचं वय असतं आणि ते एकदा गेलं की परत येत नाही. केरेन्सा शाळेत जाऊन मुलांना हेच सांगते, अगदी कळकळीने. तिच्या पेटीतला बारावा कप्पा अजून रिकामा आहे, कारण मी चहाच्या डब्यात असतो. आणि वर्षातून एकदा ती दार लावून घेते, माझ्यावर सोडा घालते आणि खसाखसा घासते. घासून झालं की रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारते, "कोंबडी शिजवू ना, आत्या?"