किरकोळ लोकांचा कन्सोल

अग्निशमन केंद्राच्या विश्रांतीखोलीत टीव्ही एकच होता आणि त्याच्याखाली मामांचा व्हिडिओ गेमचा कन्सोल पडलेला असायचा. पांढरा, चपटा, वर चहाच्या कपाचा गोल डाग. त्याचा कंट्रोलर हातात धरून हवेत हात फिरवला की पडद्यावरची गोलमटोल बाहुली चेंडू घरंगळवायची, पलीकडच्या लाकडी बाटल्या धडाधड पडायच्या आणि मागची गर्दी टाळ्या पिटायची. चित्र इतकं भुरकट की बाहुलीला नाक आहे की नाही यावर एकदा जेवताना चांगलं भांडण झालं होतं. त्या यंत्राकडे नजर गेली की उस्तादला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

उस्ताद हे नाव त्याला चेष्टेनं पडलेलं होतं. ही गोष्ट सगळ्या केंद्राला ठाऊक होती, एकट्या त्याला सोडून.

त्याच्या लेखी जगात दोन जातीची माणसं होती, खेळाडू आणि किरकोळ. खेळाडू म्हणजे ज्याला पडद्यावरची हालचाल केसाएवढी जरी अडखळली तरी कळते. किरकोळ म्हणजे बाकी सगळे. त्याची बायको किरकोळ, कारण ती बसमध्ये फोनवर रंगीत गोट्या फोडायची. मेव्हणा किरकोळ, कारण त्यानं एकदा कंट्रोलरला ‘रिमोट’ म्हटलं होतं. त्या दिवसापासून मेव्हणा घरी आला की उस्ताद आपल्या कन्सोलच्या कपाटाला कुलूप लावायचा.

‘‘अरे, तो पाहुणा आहे, चोर नाही,’’ बायको म्हणाली होती.

‘‘चोर परवडला. चोराला निदान मालाची किंमत कळते.’’

पण सगळ्यात किरकोळ कोण म्हणाल, तर मामा. हे कुणाचेच मामा नव्हते, तरी साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. तुकडीतले सगळ्यात जुने. पोट सुटलेलं, गुडघा कुरकुरणारा. बाटल्या पाडायचा तो खेळ ते अनेक वर्षं खेळत होते आणि अजूनही त्यांचा चेंडू निम्म्या वेळा कडेच्या नालीत जायचा. गेला की खोखो हसायचे. हरल्यावर हसणारा माणूस उस्तादला समजतच नसे. सोबतीला शिडीवाली ताई आणि बंबाचा ड्रायव्हर. तिघं एकाच कंट्रोलरवर पाळीपाळीनं खेळायची, मध्येच कांदे चिरायची, मध्येच फोनवर पोरांचा अभ्यास घ्यायची. घंटा वाजली की कंट्रोलर सोफ्यावर फेकून खाली. परत आल्यावर कुणाची पाळी होती हेही कुणाला आठवायचं नाही.

‘‘हा काय खेळ झाला?’’ उस्ताद म्हणायचा. ‘‘ही करमणूक झाली.’’

‘‘मग आम्ही काय सांगतोय?’’ ताई म्हणायची.

हे सगळं त्यानं दुर्लक्ष करून सोडूनही दिलं असतं, पण त्या सुमारास तुकडीप्रमुखाची जागा रिकामी झाली. साहेबांसमोर दोनच नावं होती, मामा आणि उस्ताद. उस्तादचे वडील याच खात्यातून तुकडीप्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या घरी दारासमोरच्या भिंतीवर त्यांचं हेल्मेट अजून टांगलेलं होतं आणि दर रविवारी फोनवर ते एकच प्रश्न विचारायचे, ‘‘झालं का तुझं?’’ उस्ताद म्हणायचा, ‘‘होतंय, बाबा.’’ त्याला ती जागा हवी होती, मनापासून हवी होती. आणि ती मामांकडे जाईल या नुसत्या विचारानं त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यानं यावर एक सिद्धांतही तयार केला होता. जो माणूस खेळात जीव ओतत नाही, तो कामातही ओतत नाही. ज्याला भुरकट चित्र चालतं, त्याला सगळंच चालतं. हा सिद्धांत त्यानं ड्रायव्हरला ऐकवला, ताईला ऐकवला आणि एकदा, कारण नसताना, साहेबांनाही ऐकवला. साहेबांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि पाण्याच्या टाकीची झडप तपासली का, असं विचारलं.

मग उस्तादनं आपला कन्सोल केंद्रात आणला. काळा, उंच, उभा ठेवायचा. देव्हाऱ्यातून मूर्ती काढावी तसा त्यानं तो खोक्यातून काढला. मामांच्या यंत्राची वायर उपटली, ते सोफ्याखाली सरकवलं आणि म्हणाला, ‘‘आता बघा चित्र म्हणजे काय असतं ते.’’

चित्र काही दिसलं नाही. यंत्राला आधी नवीन काहीतरी उतरवून घ्यायचं होतं. पडद्यावर एक निळी पट्टी आली आणि गोगलगायीच्या चालीनं पुढे सरकू लागली. तुकडी चहा पिऊन झाली, पाइप धुऊन झाले, वाळत टाकून झाले. पट्टी होती तिथेच.

‘‘छान आहे रे,’’ मामा म्हणाले. ‘‘पण यात जिंकतात कसं?’’

ताई सोफ्यावर लोळून हसली. शेवटी खेळ सुरू झाला तेव्हा यंत्राचा पंखा इतका घोंगावू लागला की ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून खाली बंब चालू राहिलाय का ते पाहिलं. उस्ताद दात ओठ खात खेळत राहिला. चित्र मात्र खरंच सुंदर होतं. ओल्या दगडावर उजेड पडलेला दिसत होता, गवताचं पान न् पान हलत होतं. मामा बराच वेळ बघत उभे होते आणि म्हणाले, ‘‘गवत फार झकास केलंय.’’ एवढ्या ताकदीच्या यंत्रात या माणसाला गवत दिसलं! उस्तादला त्यांची कीव आली आणि ती त्यानं लपवलीही नाही. ‘‘मामा, तुमच्यासाठी तो खुळखुळाच बरा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘हे बघायला डोळे लागतात.’’

मामांचं हसू मावळलं. बोलली ती ताई. ‘‘आमचा खुळखुळा घंटा वाजल्यावर टाकून पळता येतो. तुझं हे थांबवता तरी येतं का?’’

‘‘खऱ्या खेळात थांबायची सोय नसते. समोर ऑनलाइन माणसं असतात. मध्ये उठलो तर आपल्या बाजूचे मरतात.’’

‘‘आणि खरोखरचे मेले तर?’’

‘‘माझ्याइतक्या झटपट बंबाचे कपडे तुमच्यापैकी कोण चढवतं, सांग.’’

हे मात्र खरं होतं. गमबूट, कोट, हेल्मेट, पाठीवर हवेची टाकी, हे सगळं चढवून उस्ताद गाडीत बसायचा तेव्हा मामा अजून जिन्यात गुडघा सांभाळत असायचे. साहेबांनी भांडण मिटवायला पाळ्या लावून दिल्या. सकाळी खुळखुळा, दुपारी उस्तादचा काळा खांब.

एका दुपारी उस्ताद शेवटच्या फेरीत होता. त्याच्या बाजूचे सगळे गारद झालेले, समोर दोघे उरलेले. कानाला हेडफोन होता, पण एकच कान झाकलेला. कामाच्या बाबतीत तो निष्काळजी नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. घंटा त्याला स्वच्छ ऐकू आली. ताईनं हातातली सुरी ठेवली, ड्रायव्हर जिन्याकडे धावला, मामा उठताना ओरडले, ‘‘चल रे!’’

‘‘आलोच.’’

त्याचा हिशोब साधा होता. मामांना जिना उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आपली फेरी संपते, वर कपडे चढवूनही होतात. एक समोरचा पडला. दुसरा भिंतीआड लपून बसला. उस्ताद दबा धरून राहिला. खालून इंजिनाचा आवाज आला. आता निघणारच होता तो भिंतीआडून. निघाला, आणि उस्तादनं त्याला टिपला. जिंकला. पडदा सोनेरी झाला.

तो जिने उड्या मारत उतरला तेव्हा खाली तेलाचा डाग, उघडं दार आणि रस्त्यावरचं ऊन एवढंच होतं. खुंटीवर त्याचा एकट्याचा कोट लटकत होता. त्यानं तो उगाचच अंगात घातला. मग हेल्मेटही घातलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईनं त्या रिकाम्या गॅरेजात नखशिखांत नटून उभ्या असलेल्या माणसाकडे वळून पाहिलं आणि ती पुढे गेली.

ते परत येईपर्यंत त्यानं पाइपांच्या गुंडाळ्या सरळ केल्या आणि जमीन झाडली. बंब आत शिरला. मामा सगळ्यात शेवटी उतरले, ड्रायव्हरचा खांदा धरून. तोंड काळं, डोळे लाल, खोकला थांबत नव्हता.

‘‘काय होतं?’’ उस्तादनं ड्रायव्हरला विचारलं.

‘‘कढई. तेल तापत ठेवून म्हातारा झोपला. पडदा पेटला, घरभर धूर.’’

‘‘आणि म्हातारा?’’

‘‘ठीक आहे. मामांनी काढला बाहेर.’’

उस्तादच्या छातीवरचा दगड उतरला. इतका उतरला की त्याला हसूच फुटलं. ‘‘कढई होय!’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं काय न् काय. मग मी येऊन काय भजी तळणार होतो?’’

कुणी हसलं नाही. ताई हातमोजे काढता काढता थांबली. ‘‘आत दोघांनी जायचं असतं,’’ ती म्हणाली. ‘‘नियम आहे. दुसरा तू होतास. मी शिडीवर, हा पंपावर. मामा एकटे गेले.’’

‘‘अगं, पण किरकोळ आग होती. मोठी असती तर गोष्ट वेगळी.’’

जिन्यावर साहेब उभे होते. केव्हापासून होते, देव जाणे. ते खाली आले, मामांना आधी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मग उस्तादकडे वळले. आवाज चढलेला नव्हता.

‘‘घंटा वाजली तेव्हा ती कढई आहे हे तुला माहीत होतं?’’

‘‘नाही, साहेब.’’

‘‘समजा माहीत असतं. उठला असतास?’’

उस्तादनं तोंड उघडलं. ‘हो’ म्हणायला काही कष्ट पडत नाहीत. कुणीही म्हटलं असतं. पण त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे भिंतीआडचा तो शेवटचा माणूस आला आणि ‘हो’ तोंडातच अडकलं. साहेबांनी मान हलवली आणि ते वर निघून गेले. मामा खुर्चीत खोकत होते. त्यांनी उस्तादकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. रिकाम्या डब्यात काही उरलंय का ते पाहावं तसं पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायले.

जागा मामांना मिळाली. उस्तादला बंबावरून उतरवून फोनच्या खोलीत बसवलं. लोकांचे फोन घ्यायचे, पत्ता विचारायचा, घंटेचं बटण दाबायचं. काळा कन्सोल तो स्वतःच घरी घेऊन गेला. थांबवायला कुणी आलं नाही.

रविवारी वडिलांचा फोन आला. जागा गेली हे त्यांनी ऐकून घेतलं. मामांकडे गेली हेही ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘म्हणजे गाडी निघाली आणि तू गाडीत नव्हतास?’’

‘‘बाबा, छोटीशी आग होती. कुणाला काही झालं नाही.’’

मग फोन आईच्या हातात गेला. आई म्हणाली, ‘‘जेवलास का?’’

फोनच्या खोलीला एक काच होती आणि काचेतून विश्रांतीखोलीतला टीव्ही तिरका दिसायचा. बाहुल्या चेंडू घरंगळवत होत्या. मामांचा पुन्हा नालीत गेला, पुन्हा सगळी हसली. ‘गाढवं,’ उस्ताद मनात म्हणाला आणि त्याला जरा बरं वाटलं.

फोन वाजला. पलीकडे कुणी आजी होती, फार ओशाळलेली. ‘‘तुम्हाला उगाच त्रास देतेय हो,’’ ती म्हणाली. ‘‘तसं फार काही नाही. शेजारच्या बंद घराच्या दाराखालून थोडा धूर येतोय. नुसता वास असेल कदाचित. कळवावं की नको, असं चाललं होतं.’’

‘‘पत्ता सांगा, आजी.’’

तिनं सांगितला. उस्तादनं लिहून घेतला आणि बटण दाबलं. घंटा घणघणली, काचेपलीकडचा सोफा रिकामा झाला, जिन्यात बूट वाजले. त्याच्याकडून कसलीही चूक झाली नव्हती, क्षणाचाही उशीर झाला नव्हता. फक्त बटणावर बोट टेकायच्या आधी त्यानं त्या आजीचा धूर मनातल्या मनात तोलून पाहिला होता, आणि यासाठी कशाला उठायचं, असं त्याला वाटून गेलं होतं.