कविता जुनी निघाली

नळ सोसायटीच्या गेटाबाहेर, कंपाउंडच्या भिंतीला लागून होता. चिखलोलीतल्या या इमारती उभ्या राहिल्या त्या जागेत आधी मागच्या ठाकरवाडीची विहीर होती. बिल्डरने ती बुजवली, वर पार्किंग केलं आणि वाडीतल्या बायकांना गेटावर हा नळ काढून दिला. लेखी काही नाही, सगळं तोंडी. बिल्डरच्या तोंडी शब्दाची काय किंमत असते, ते नवा फ्लॅट घेतलेल्या कोणालाही विचारा.

जानेवारीत चेअरमन रामभाऊंनी नळाला कुलूप घातलं. गेटासमोर चिखल होतो म्हणे, हंड्याकळशांच्या रांगेने सोसायटीची शोभा जाते म्हणे, आणि बागेतल्या लॉनला पाणी पुरत नाही. किल्ली त्यांनी आपल्या पट्ट्याला अडकवली. रामभाऊंना येत्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचं होतं, त्यामुळे देवळात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर आणि आरतीचं ताट नेहमी पुढे. वाडीतल्या बायका आता रूळ ओलांडून पलीकडून पाणी आणायला लागल्या.

त्यातली चंद्री सोसायटीतल्या प्रीती शेजवळकडे भांडी घासायला यायची. याच इमारतीवर तिने घमेली वाहिली होती, पोटात पोर असताना. ती कुरकुरायची नाही, फक्त उशिरा यायला लागली होती. एकदा बादलीत हात बुडवून तशीच बसून राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमी शिकवता ना पोरांना. तुमचं आईकतील." प्रीतीने बोलते म्हणून सांगितलं.

बोलणार कसली! प्रीती उल्हासनगरच्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायची, वर्गात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिची दातखीळ बसायची. नवऱ्याने, आकाशने, आधीच बजावून ठेवलं होतं की अजून वीस वर्षं इथेच हप्ते भरायचेत, कोणाशी वाकडं घेऊ नकोस. मग बाईंनी काय केलं, तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कविता टाकली. खाली कवीचं नाव नाही, वर प्रस्तावना नाही. तिचे आजोबा जलशात गात असत, त्यांच्या तोंडून लहानपणी ऐकलेल्या चार ओळी:

कमरेला किल्ली त्याच्या, मुखीं रामनाम,
ज्यांनी खणिला हा आड गाळुनिया घाम,
त्यांची पोरें तहानेली उन्हांत तिष्ठती,
धन्या तुझ्या अंगणांत फुलें मात्र न्हाती.

आधी कोणीतरी तोंडावर हात ठेवून हसणारा चेहरा टाकला, मग दुसऱ्याने टाकला. एका पोराने तर नुसतंच 'कमरेला किल्ली' लिहिलं. ते वर्मी बसलं. रामभाऊंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्यांनी संध्याकाळीच क्लबहाउसमध्ये तातडीची मीटिंग लावली.

मीटिंगला कधी न येणारेही आले. रामभाऊंची खात्री होती की ही विरोधी पार्टीची चाल आहे, पैसे देऊन कोणाकडून तरी लिहून घेतलंय. बदनामीची तक्रार करतो म्हणाले, मॅडमच्या कॉलेजात प्रिन्सिपलना भेटतो म्हणाले. आकाशने टेबलाखालून प्रीतीचा हात दाबून धरला होता. पण त्या गदारोळात एक नवल घडलं. इतके दिवस ज्या नळाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता, त्याच्याबद्दल माणसं बोलायला लागली. तळमजल्यावरचे एक आजोबा म्हणाले, चार हंडे पाण्याने आपलं काय जातंय. सेक्रेटरी हिमानी, बोलायला चाचरणारी मुलगी, म्हणाली की विहीर त्यांचीच होती, हे तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मागून कोणी म्हणालं, रामभाऊ, वाडीतही मतं आहेत हो.

रामभाऊ घामाघूम झाले. त्यांचा हात दोनदा पट्ट्याकडे गेला. "नळाचं काय ते उद्या करून टाकू," ते म्हणाले, "हवं तर आत्ता किल्ली देतो. पण मला नाव पाहिजे. हे लिहिलं कोणी?"

सगळे प्रीतीकडे बघायला लागले. मी लिहिलं, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. खोटे असते, पण चार घरी पाणी गेलं असतं. प्रीतीला ते कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं. आणि त्याच वेळी तिला पोलीस स्टेशनचा बाक दिसत होता, प्रिन्सिपलची केबिन दिसत होती.

तिने फोन काढला. एम.ए.ला असताना घेतलेला एका जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो दाखवला. "कविता जुनी आहे," ती म्हणाली. "सखोजी नावाच्या शाहिराची. शके १८०४ची. म्हणजे १८८२ची."

फोन हातोहात फिरला. रामभाऊंनी चष्मा लावून साल दोनदा वाचलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "अहो मॅडम, मग आधी सांगायचं ना! मला वाटलं कोणी आत्ताच लिहिलंय." सगळे हसले. चहा मागवला गेला. रामभाऊंनी कविता मोठ्याने वाचून दाखवली, तोंडभर कौतुक केलं, काय ते जुने लोक, काय त्यांची भाषा! क्लबहाउसच्या भिंतीवर ती रंगवून घ्यायची आणि मराठी भाषा दिनाला मॅडमनी ती म्हणायची, असं ठरलं. ठराव एकमताने झाला. नळाचं नाव परत कोणी काढलं नाही. आजोबांनीही नाही, हिमानीनेही नाही, आणि प्रीतीने तर नाहीच.

आकाश घरी जाताना म्हणाला, छान निभावलंस. तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याहून जोरात स्वतःच्या. मेलेल्या माणसाला पुढे करून ती सुटली होती. दीडशे वर्षं त्या ओळींत जो काही दम टिकला होता, तो तिने एक तारीख सांगून काढून घेतला होता. सकाळी चंद्रीने नळाचं विचारलं तेव्हा ती बघते म्हणाली आणि चंद्रीकडे पाठ करून कपडे वाळत घालायला गेली.

भाषा दिनाच्या संध्याकाळी क्लबहाउस भरलं होतं. भिंतीवर कविता झोकदार अक्षरांत रंगवली होती, कडेने वेलबुट्टी. चंद्रीला चहाचे कप फिरवायला बोलावलं होतं. प्रीतीने मनाशी ठरवून टाकलं होतं की आज काय वाटेल ते होवो. तिने कविता म्हटली. आजोबा म्हणायचे त्याच चालीवर, खड्या आवाजात. टाळ्या थांबल्यावर ती माइकपासून हलली नाही.

"ही कविता जुनी नाही," ती म्हणाली. "ही आपल्या गेटावरच्या नळाची आहे. विहीर वाडीची होती, आपण ती बुजवून वर गाड्या लावल्या. रामभाऊ, किल्ली तुमच्या कमरेला आहे. नळ उघडा."

दाराजवळ चंद्रीने हातातला ट्रे खाली ठेवला.

मग रामभाऊ उठले. उभं राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकटेच, सावकाश, हसत. ते पुढे आले आणि त्यांनी माइक हातात घेतला. "याला म्हणतात शिकवणं," ते म्हणाले. "अंगावर काटा आला बघा. दीडशे वर्षांपूर्वीची कविता आजही किती रिलेव्हंट आहे, हे मॅडमनी आपल्याला दाखवून दिलं. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत."

जोरदार झाल्या. आजोबांनी वाजवल्या, हिमानीने डोळे पुसत वाजवल्या, आकाशने सुटकेचा निःश्वास टाकून वाजवल्या. कोणीतरी प्रीतीच्या हातात तुळशीचं रोप दिलं आणि तिने ते घेतलं. चंद्रीने ट्रे उचलला आणि पुढच्या रांगेपासून रिकामे कप गोळा करायला लागली.

फोटोसाठी सगळे जवळ सरकले. रामभाऊ प्रीतीच्या शेजारी उभे राहिले, कॅमेऱ्याकडे बघत, आणि आपुलकीने हळूच म्हणाले, "मॅडम, लोकांना फार आवडली. पुढच्या वर्षीही हीच ठेवू."

"बरं," प्रीती म्हणाली.