उलट्या आट्यांचं चित्र

छापखान्यात तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने बारकी म्हणून नव्हे. नखाएवढ्या पोलादात अख्खा डोंगर उभा करायची तिची चिकाटी बघून म्हाताऱ्या मास्तरांनीच ते नाव ठेवलं होतं, आणि ते तिला इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर ती स्वतःच इकडेतिकडे बघायची.

छापखाना टपालाच्या तिकिटांचा. खाली रंगीत छपाईच्या यंत्रांचा धडधडाट, आणि वर, उत्तरेच्या खिडकीपाशी, दोन खुर्च्यांचं एकच टेबल. तिथे हाताने ठसे कोरायचे. एक खुर्ची मास्तरांची, दुसरी मुंगीची. ते टेबल साहेबांच्या डोळ्यांत बरेच दिवस खुपत होतं. तेलविहिरींवरचं तिकीट काढायचं ठरलं, तेव्हा ते वर येऊन स्पष्टच म्हणाले, "ही शेवटची संधी. अडीच महिन्यांत ठसा तयार असेल तर हातकोरणी चालू. नसेल तर फोटोवरून यंत्रावर छापू, टेबल गोदामात, मास्तर घरी, आणि बाई तुम्ही खाली पाकिटं मोजायला."

मुंगीने मान डोलावली. चित्र तिने आधीच मनात पक्कं केलं होतं. समुद्रातली जहाजं नकोत, धुराडी नकोत. फक्त तेलविहिरीवरचं उंच लोखंडी मचाण. वरून लोंबणारा जाडजूड पाइप, त्याचं आटे पाडलेलं टोक खालच्या पाइपाच्या तोंडावर नेमकं टेकतंय, आणि भल्यामोठ्या चिमट्याने ते आवळणारे दोन हात. तिच्या वडिलांचा जन्म गेला होता त्या मचाणावर. ते घरी यायचे तेव्हा आधी अंगाचा वास यायचा आणि मागून बाबा.

आता या धंद्यातली मेख अशी, की पोलादावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं. आधीच्या छापखान्यात मुंगी शिकली होती ती आरशाची रीत. इथे आजवर ती हाताने काढलेल्या चित्रांवरूनच कोरत आली होती, फोटोवरून कोरायची ही पहिलीच वेळ. फोटोसमोर आरसा उभा करायचा आणि आरशात दिसेल तसं कोरायचं. डोळा एकीकडे, हात दुसरीकडे. छापखान्याच्या फोटोवाल्याने मचाणाचा फोटो काढून दिला आणि दोन महिने ती अशी तिरकी बसली. मान आखडली, पण पोलादातून मचाण वर आलं. त्या हातांच्या शिरासुद्धा आल्या.

पहिली छाप निघाली. मास्तरांनी भिंग लावलं, काढलं, पुसून पुन्हा लावलं आणि नुसता हुंकार भरला. मास्तर म्हणजे देवाच्या मूर्तीलाही "नाक जरा" म्हणणारा माणूस. त्यांचा हुंकार म्हणजे शालजोडीच. साहेबांनीही पसंतीची सही केली. नाव, किंमत आणि अक्षरं अजून कोरायची होती, म्हणजे ते अजून तिकीट नव्हतं, नुसतं चित्र होतं. म्हणून मास्तर म्हणाले, "ने घरी. बाबांना दाखव."

बाबांनी चित्र हातात घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "देवाने दिले हात आणि तू केलंस सोनं," एवढंच म्हणाले. मग शेजाऱ्यांना हाका मारून झाल्या, चहा झाला. बोलून बोलून घसा बसला तेव्हा बाबांनी खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन झाकण फिरवलं. मुंगी सहज बघत होती. बाटलीच्या गळ्यावरचे आटे डावीकडून उजवीकडे चढत होते.

तिने टेबलावरचं चित्र उचललं. तिच्या पाइपाचे आटे उजवीकडून डावीकडे चढत होते.

"बाबा, विहिरीतल्या पाइपांचे आटे कुठे चढतात हो?"

"उजवीकडे. पाइप उजवीकडे फिरतात ना. जितके फिरतील तितके सांधे आवळत जातात."

"आणि डावीकडे चढले तर?"

"तर फिरता फिरता सांधा सुटायचा, खालचा पाइप विहिरीच्या पोटात आणि वर मुकादम माझ्या नावाने शंख करत. का गं?"

तिने भिंग पुढे केलं. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि भिंग हळूच खाली ठेवलं.

"मघाशी दिसलं नाही तुम्हाला?"

"मघाशी मी चित्र कुठे बघत होतो? मी तुझं तोंड बघत होतो."

दुसऱ्या दिवशी ती छाप मास्तरांपुढे ठेवून उभी राहिली. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अगं, माझंच पाप हे. मला आरशाने डोळे दुखतात, म्हणून फोटोवाला या टेबलासाठी फोटो उलटाच काढून देतो. इतकी वर्षं देतोय, की तुझा आरसा रोज समोर दिसूनही मी सांगायचंच विसरलो. उलट्या फोटोला तू वर आरसा लावलास. उलट्याचं सुलटं कोरलंस आणि छाप उलटी आली."

साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेही नाहीत. "कोण बघतंय हो? लोक तिकिटाला मागून थुंकी लावतात, पुढून आपण शिक्का मारतो. सही झालीय, जाऊ द्या."

"साहेब, तेलविहिरीचं तिकीट आधी विहिरीवरचाच माणूस बघेल. त्यांच्या मानासाठी काढतोय आपण. त्यांनीच हसावं?"

"मग काय करणार? दोन महिने लागले तुम्हाला. हाताशी पंधरवडा उरलाय."

"पंधरवड्यात देते."

"आणि नाही दिलात तर?"

"टेबल मी स्वतः गोदामात ढकलते. तुम्ही फक्त दार धरा."

वर येऊन तिने पोलादाचा नवा तुकडा घेतला खरा. बोलून तर बसले, आता जमणार कसं? आरसा पुसला, फोटो टेकवला, पुन्हा काढला. मास्तर शेजारी बसून स्वतःला शिव्या देत होते. तिने मनातल्या मनात देवाला म्हटलं, बुद्धी दे, नाहीतर निदान तोंड तरी आवर.

आणि नजर त्या चुकलेल्या छापेवर पडली.

छाप उलटी होती. ठसा कसा हवा? उलटा. म्हणजे नवा ठसा दिसायला हवा तो हुबेहूब या छापेसारखा. आरसा नको, तिरकं बसणं नको, मनात उलटसुलट करणं नको. रेघेसमोर रेघ. आणि या रेघा कोणाच्या? तिच्याच. कुठली खोल, कुठली नुसती स्पर्शाची, हाताला सगळं पाठ.

"मास्तर," ती म्हणाली, "आपल्या चुकीने आपल्याला नकाशा काढून दिलाय."

मास्तरांनी छापेकडे पाहिलं, कोऱ्या पोलादाकडे पाहिलं, आणि पोट धरून हसायला लागले. खालची माणसं जिन्यावर येऊन बघायला लागली, की म्हाताऱ्याला झालंय काय. मग त्यांनी आरसा उचलला, भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि म्हणाले, "हात चालव, मुंगे. अक्षरं माझ्याकडे लागली."

मग जे काम झालं ते बघण्यासारखं होतं. खिडकीत उजेड आला की कोरणी चालू, उजेड गेला की बंद. पोलादाचा बारीक कुरळा कीस निघे आणि मास्तर तो फुंकरीने उडवत. पहिल्यांदा जिथे हात अडखळला होता तिथे आता तो गात गेला. आटे कोरताना मात्र तिने श्वास धरला. एक, मग त्यावर एक. खाली यंत्रवाले पैजा लावत होते. जेवणाच्या सुट्टीत एकजण वर डोकावून विचारी, "मुंगीबाई, पाइप कुठवर?" ती मान वर न करता म्हणे, "आवळतेय."

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी ओल्या कागदावर नवी छाप निघाली. साहेब स्वतः वर आले. त्यांनी भिंग मागितलं. या टेबलावर त्यांनी भिंग मागायची ही पहिलीच वेळ. आटे डावीकडून उजवीकडे चढत होते आणि चिमट्यातले हात पहिल्यापेक्षा जिवंत झाले होते. साहेबांनी खिशातल्या पेनाचं टोपण काढलं, पेनाच्या गळ्यावरचे आटे चित्राशी ताडून पाहिले आणि टोपण पुन्हा फिरवून बसवलं.

"पहिलं चांगलं होतं," ते म्हणाले. "पण हे खरं आहे." आणि सही करता करता, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात, "पुढचं तिकीट पाइपलाइनचं आहे. ते या टेबलावरच होईल. आणि खिडकीची काच तेवढी धुऊन घ्या कोणाकडून तरी."

जिन्यावर उभ्या असलेल्या यंत्रवाल्यांनी पायऱ्यांवर असे काही पाय आपटले, की खालचा पहारेकरी वर धावत आला. मास्तरांनी खुर्चीवरून उठून, गुडघ्यांची कुरकुर न ऐकता, मुंगीला वाकून नमस्कार केला. ती मागे सरकली. "अहो, काय करता हे?"

"तुला नाही करत," मास्तर म्हणाले, "ज्याने तुझ्याकडून करवून घेतलं त्याला करतोय. तू मध्ये उभी आहेस, त्याला मी काय करू?"