उलट्या शिवणीचा फ्रॉक

गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत. शाळेत ते फार टिकले नव्हते, पण हातात कात्री आणि गळ्यात मापाची टेप असली की माणूस आपोआप मास्तर होतो. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत संसार. संसार म्हणजे ते स्वतः, त्यांची लेक आणि लेकीची लेक. जावई मालाचा ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. लेक दिवसभर दवाखान्यात औषधं द्यायला उभी, म्हणून नात वाढली ती कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या आणि बटणांच्या राज्यात. दिसलं बटण की घाल खिशात, अशी सवय. त्यावरून नाव पडलं खारूताई.

खारू सहा वर्षांची होत आली होती. डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगितलं तेव्हा मास्तरांनी तो शब्द घरी येईपर्यंत तोंडात घोळवला आणि मग बाजूला ठेवून दिला. त्यांच्या लेखी गोष्ट सरळ होती. देवाने सगळ्यांना दोन कान दिले, या पोरीला घडवताना त्याला इतकं प्रेम आलं की चार देऊन बसला. इतरांना ऐकू येत नाही ते तिला ऐकू यायचं, इतरांना टोचत नाही ते तिला टोचायचं. फ्रॉकच्या आतली शिवण तर काट्यासारखी लागायची. म्हणून मास्तर तिचे फ्रॉक उलटे शिवत, शिवण बाहेर आणि मऊ बाजू आत. गिऱ्हाइकं चेष्टा करत, मास्तर, फ्रॉक उलटा झालाय की चष्मा? मास्तर हसत, पण आत कुठेतरी लागायचं. शिंप्याने टाके दाखवत फिरणं म्हणजे तोंड न धुता बाहेर पडण्यासारखं.

बोलणंही तिचं निराळं. दुकानात कानावर पडलेली वाक्यं ती उचलायची आणि आपल्या कामाला लावायची. कुशीत घट्ट धरायला हवं असलं की म्हणायची, "माप घ्या." नको असलं की, "बाही सैल ठेवा." तहान लागली की, "इस्त्रीतलं पाणी संपलं." घरात कुणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते उंबऱ्याबाहेर.

आदल्या वर्षी तिला बालवाडीत घातली होती. तिथे पहिल्याच दिवशी ती दुपारभर इस्त्रीतलं पाणी संपलं, इस्त्रीतलं पाणी संपलं असं सांगत राहिली. कुणाला कळावं तरी कसं? मग ती किंचाळली, मग बाकाखाली शिरली आणि तिथून निघेना. न्यायला गेलेल्या मास्तरांपुढे बाईंनी हात जोडले, ही इथे बसायची नाही, दुसरीकडे बघा. घरी येताना खारू त्यांच्या खांद्यावर झोपून गेली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. ते ओठ मास्तरांच्या डोळ्यांपुढून काही केल्या हलत नव्हते.

यंदा तर मोठी शाळा. लेकीने चौकशी करकरून माहिती काढली होती की शाळा सुरू होण्याआधी मागणी केली तर शिक्षण खातं वर्गात मुलाजवळ बसायला मदतनीस देतं. तिने डॉक्टरांकडे, शाळेत, खात्यात खेटे घातले. शेवटी निरोप आला की खात्याच्या मॅडम घरी येऊन मुलीला पाहतील आणि मग ठरवतील. मदतनीस मिळाली तर खारू शाळेत टिकणार. नाही मिळाली तर पुन्हा बाकाखाली.

लेकीने बजावून ठेवलं होतं, बाबा, काही झाकू नका, जसं आहे तसं दिसू द्या. मास्तरांनी मान डोलावली. पण मानेचं आणि मनाचं नेहमी जमतंच असं नाही. त्यांच्या मनात एकच धाक होता. एका बाईंनी पोरीला नको म्हटलं, उद्या खात्यानेही म्हटलं तर? त्यापेक्षा पोर अशी दिसू दे की नाव ठेवायला जागा राहू नये.

मग काय काय केलं म्हणता? लेक कामावर गेली की मास्तर कामाला लागत. त्यांनी नवा फ्रॉक शिवला, अस्तराचा. सगळी शिवण दोन कापडांच्या मधे, म्हणजे टोचायचीही नाही आणि दिसायचीही नाही. असं काम त्यांनी लग्नाच्या कपड्यांतही केलं नव्हतं. रोजचे उलटे फ्रॉक पडद्यामागे गेले. दाराच्या घंटेचा लोलक काढून खिशात टाकला. मशीनचा आवाज दबावा म्हणून तिच्याखाली जाड लोकरी कापड घातलं. शेजारच्या सुताराला विनवलं की त्या सकाळी रंधा बंद ठेव. तो म्हणाला, मास्तर, कुणा राजाची स्वारी येतेय का? शिवाय रोज घास भरवता भरवता पोरीकडून उत्तरं पाठ करून घेतली. एकेका उत्तराला एकेक चकचकीत बटण.

मॅडम आल्या. साध्या, वयस्कर, चपला बाहेर काढून सरळ जमिनीवर बसल्या. खारू बटणं रंगावार मांडत होती. नवा फ्रॉक अंगावर असा बसला होता की लेकीनेही एकदा बापाकडे वळून पाहिलं. मॅडमनी नाव विचारलं, नाव आलं. वय विचारलं, वय आलं. शाळेत जायचं का? "मला शाळा आवडते," खारू म्हणाली, बटणांवरची नजर न काढता. मास्तरांची छाती फुगली. मनातल्या मनात त्यांनी देवापुढे डोकं टेकलं.

मॅडमनी आणखी थोडा वेळ बसून पाहिलं आणि मग पिशवी आवरायला घेतली. खूश होऊन म्हणाल्या की मुलगी फारच शांत आहे, छान उत्तरं देते. मदतनीस थोड्याच आहेत, मागणारे पुष्कळ, तेव्हा ज्यांचं खरंच अडतं त्यांना आधी द्याव्या लागतात. ही अशीच वर्गात रमून जाईल.

लेकीने बालवाडीचं सांगायला सुरुवात केली, पोर कशी किंचाळली, कशी बाकाखाली शिरली. मॅडम समजुतीने म्हणाल्या, सुरुवातीला सगळीच मुलं रडतात. लेकीची नजर खारूच्या फ्रॉकवरून दाराच्या मुक्या घंटेवर गेली आणि तिथून बापावर आली. ती रागाने दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

ते उठले. पडद्यामागून रोजचा फ्रॉक आणला आणि मॅडमच्या पुढ्यात पसरला, शिवण वर, दोऱ्यांची टोकं आणि सगळं. शेजारी खिशातला लोलक ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "हिचं अडत नाही असं नाही. अडतं ते मी आतल्या बाजूला घातलं. सवय आहे हो हाताला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. घंटा वाजली की खारू कान दाबून भिंतीला डोकं लावते. रंधा सुरू झाला की जेवण तसंच राहतं. आणि उत्तरं पाठ केलेली आहेत. शेवटचं सांगताना त्यांनी मान खाली घातली.

मॅडम रागावल्या नाहीत. पुन्हा खाली बसल्या आणि खारूला हळूच विचारलं, तहान लागलीय का गं?

"मला मैत्रिणी आहेत," खारू म्हणाली. पाठातलं पुढचं उत्तर तेच होतं.

मॅडमनी घाई केली नाही. खारूने काळी बटणं संपवली, पांढरी घेतली. मग एकदा ओठांवरून जीभ फिरवली आणि बटणांनाच सांगावं तसं म्हणाली, "इस्त्रीतलं पाणी संपलं."

मॅडमनी इस्त्रीकडे पाहिलं. ती बंद होती, वायर गुंडाळलेली. तेवढ्यात लेक उठून आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. खारूने तो दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा केला. मॅडम त्या पेल्याकडे पाहत राहिल्या.

"बालवाडीतही हेच म्हणत होती?" त्यांनी विचारलं.

"दुपारभर," लेक म्हणाली.

मॅडम मास्तरांकडे वळल्या. "आजोबा, मुलगी चांगली आहे का, हे पाहायला मी आले नव्हते. ती चांगलीच आहे. तिच्याजवळ कुणी बसायला हवं का, एवढंच पाहायचं होतं." आणि मग त्यांनी माप घ्या म्हणजे काय, बाही सैल म्हणजे काय, सगळं विचारून घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, लोलक जागेवर लावू नका बरं का.

त्या गेल्यावर लेक बापाला इतकंच म्हणाली की अस्तर मात्र फार सुरेख बसलंय. यात टोमणा किती आणि माया किती, हे मास्तरांनी उसवून पाहिलं नाही.

मदतनीस मंजूर झाल्याचा फोन लेकीला दवाखान्यात आला. पहिलं सत्र पूर्ण वेळ, पुढचं नंतर पाहू, असं ठरलं होतं. तिने औषधाच्या बाटल्यांमागे तोंड लपवून डोळे पुसले आणि गिऱ्हाइकाला दोन वेळा तेच औषध बांधून दिलं. शाळा सुरू व्हायच्या आधी ती मदतनीस, एक तरुण, हसऱ्या चेहऱ्याची बाई, रोज दुपारी दुकानात येऊन बसू लागली. मास्तरांच्या शाळेत जन्मात पहिल्यांदा कुणी शिकायला आलं होतं. आधी ती खारूला लांबूनच बघायची. पण एका दुपारी खारू टेबलाखालून निघाली, तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माप घ्या." बाईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. बाईने दोन्ही हात पसरले आणि पोरीला घट्ट धरलं. मास्तरांच्या सुईत दोरा ओवला जाईना, तेव्हा त्यांनी चष्म्याला दोष दिला.

शाळेचा गणवेश त्यांनीच शिवला. अस्तर घालणार असाल ना, लेकीने विचारलं. मास्तर म्हणाले, उन्हाचं दोन कापडांत उकडेल तिला, पोर दिवसभर पळणार. शिवण बाहेर काढून त्यांनी टाके एका सरळ रेषेत, बारीक, एकसारखे घातले, आणि फ्रॉक खुंटीला लावला तो दुकानातच, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

"लोक म्हणतील, मास्तरांना शिवता येत नाही," लेक म्हणाली.

"म्हणू देत," मास्तर म्हणाले, आणि मशीनचं चाक हाताने फिरवून दुसऱ्या गणवेशाची बाही घेतली.