सैतानाशी बोलायची भाषा

दर रविवारी अर्धी उपासना झाली की चर्चचा सेवक, डीकन युफ्रोन, दार उघडायचा आणि बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर काढायचा. त्यात आमचे हे. मी आत पवित्र भाकर घेणार आणि हे बाहेर गाढवांपाशी उभे. माझा जीव तुटायचा नुसता. बाप्तिस्मा वर्षातून एकदाच, ईस्टरच्या सणाला; यंदा काही झालं तरी ह्यांचा करायचाच, असं मी ठरवलं होतं.

अडचण ग्रीकची. अंत्युखिया शहरात सगळं ग्रीकमध्ये चालतं, आणि आम्ही डोंगरावरची जैतुनवाली माणसं. घरात अरामी, शेतात अरामी, भांडणात तर अरामीच. प्रवचनाला आमच्यासाठी दुभाषी असतो, पण बाप्तिस्म्याचे शब्द ज्याचे त्यानेच म्हणायचे आणि तेही ग्रीकमध्ये, हा युफ्रोनचा हट्ट. सणाआधीच्या उपासाचे सगळे दिवस मी ह्यांच्याकडून घोकून घेतलं. झाडांना आळी करताना हे घडाघडा म्हणायचे.

सणाआधीच्या शुक्रवारी दुपारी ह्यांना अनवाणी, पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं. पश्चिम ही सैतानाची बाजू; तिकडे हात पसरून त्याला सोडल्याचं सांगायचं असतं. शेजारी बिशप थिओटेक्नस बसलेले. त्यांचं ग्रीक इतकं गुळगुळीत की ते कुठल्या बड्या घराण्यातले असणार, असं सगळं शहर धरून चालायचं. ह्यांनी तोंड उघडलं आणि पहिलाच शब्द विसरले.

"पुढच्या वर्षी ये," युफ्रोन म्हणाला. दुभाष्याने ते आम्हाला सांगितलं. "तोवर माणसांसारखं बोलायला शिक."

झालं. ह्यांचं डोकं फिरलं. राग युफ्रोनवर, पण तोंड पश्चिमेकडे, म्हणून सगळा सैतानावर निघाला, आमच्या अरामीत. "निघ मुडद्या माझ्या बांधावरून. तुझी दारू नको, तुझी जत्रा नको, तुझं काही नको मला. पुन्हा दिसलास तर तंगडं मोडून हातात देईन. तुझ्या गाढवालासुद्धा माझ्या विहिरीवर पाणी मिळायचं नाही."

हे ग्रीकमध्ये कसं सांगावं म्हणून दुभाषी बिचारा घसा खाकरत राहिला. तेवढ्यात बिशप हसले. गालातल्या गालात नव्हे, पोट धरून. दुभाष्याने तर अजून एक अक्षर उच्चारलं नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं. लालबुंद झाले हो.

मग डोळे पुसत चक्क अरामीत बोलले, आमच्याही वरच्या खडकाळ गावांच्या हेलात. "माझी आई कोल्ह्याला अश्शीच हाकलायची. युफ्रोन, सैतानाला नीट कळलंय. तुला कळलं नसेल तर दुभाष्याला विचार."

युफ्रोनला खरंच विचारावं लागलं.

ह्यांना पूर्वेकडे, ख्रिस्ताच्या बाजूला वळवलं. "आता ज्याच्याकडे जायचंय त्याला सांग," बिशप म्हणाले. "आपल्या बोलीत."

मला वाटलं, हे पुन्हा सुरू होणार आणि आवरायचे नाहीत. पण ह्यांनी फक्त हात वर केले. मग अगदी हळू म्हणाले, "आलो."

मी बायकांच्या बाजूला घळाघळा रडत होते. बिशप स्वतः उठले आणि त्यांनी ह्यांच्या कपाळाला बाप्तिस्म्याआधीचं तेल लावलं.